संशोधनाच्या बातमीचे उजवे पान

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेली काही वर्षे भौतिकशास्त्र, संगणक आणि अर्थकारण या विषयांतील नव्या संशोधनाच्या बातम्या मराठी दैनिकांत, आणि आपल्या दैनिकात विशेष करून, पूर्वीपेक्षा ठळकपणे येऊ लागल्या आहेत. एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्याचा आनंदच आहे. तरीही हे पत्र तक्रारीचे आहे आणि तक्रार अशी की, या बातम्या आपण अर्ध्यावर सोडता. संशोधकांनी दावा केला, त्या दिवशी चार स्तंभांची बातमी येते. तो दावा इतरांनी तपासला, त्यात खोट निघाली किंवा तो पक्का ठरला, त्या दिवशी बहुधा काहीच येत नाही, आणि आलेच तर आतल्या पानावर, हवामानाच्या चौकटीशेजारी, चार ओळींत येते.

हे मी आठवणीवर विसंबून लिहीत नाही. २०११ सालापासून मी अशा बातम्यांच्या कात्रणांची एक फुलस्केप वही ठेवली आहे. डाव्या पानावर दाव्याचे कात्रण चिकटवायचे आणि उजवे पान ‘पुढे काय झाले’ यासाठी कोरे सोडायचे, असा तिचा शिरस्ता. आज ती वही उघडली तर डावी पाने डिंकाने फुगलेली दिसतात. उजव्या पानांवर मात्र छापील मजकूर क्वचितच, बाकी सगळे माझे हस्ताक्षर.

वही सुरू करण्याचे निमित्त माझी स्वतःची चूक होती, तेव्हा तीही सांगितली पाहिजे. सप्टेंबर २०११ मध्ये बातमी आली की, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतील ग्रान सासो येथे प्रकाशापेक्षा ६० अब्जांश सेकंद लवकर पोहोचले. दुसऱ्या दिवशी बारावीच्या वर्गात मी फळ्यावर ते आकडे लिहून, आईन्स्टाईनच्या सिद्धान्तालाच बहुधा धक्का बसणार असे मोठ्या उत्साहाने सांगितले. त्या प्रयोगाच्या गटाने स्वतः मात्र ‘आमची चूक कुठे आहे ते शोधा’ असे जगभरच्या शास्त्रज्ञांना आवाहन केले होते, आणि ती ओळ मी वाचलेल्या बातमीत नव्हती. फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रकाशतंतूच्या एका केबलची जोडणी नीट बसलेली नव्हती हे उघडकीस आले, आणि जूनमध्ये न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या मर्यादेतच असल्याचे जाहीर झाले. तोपर्यंत माझा वर्ग बोर्डाच्या परीक्षेला निघून गेला होता. ती मुले आज तिशी ओलांडलेली आहेत आणि त्यांच्यातील काहींच्या डोक्यात मी भरलेली चुकीची गोष्ट अजून तशीच असेल, याची मला खंत आहे. शिक्षकाचा वर्ग साठ मुलांचा असतो. आपला वर्ग काही लाखांचा आहे.

आता अलीकडची उदाहरणे. जुलै २०२३ च्या शेवटी दक्षिण कोरियातील एका गटाने ‘एलके-९९’ नावाच्या पदार्थावर दोन शोधनिबंध अर्काइव्ह या संकेतस्थळावर ठेवले. शिसे, फॉस्फेट आणि थोडे तांबे यांपासून केलेला हा पदार्थ नेहमीच्या दाबाला आणि खोलीच्या तापमानालाच नव्हे, तर पाणी उकळते त्याच्याही वर, सुमारे १२७ अंश सेल्सियसपर्यंत अतिसंवाहक राहतो, म्हणजे त्यातून वीज कोणत्याही रोधाशिवाय वाहते, असा त्यांचा दावा होता. अतिसंवाहकता १९११ साली पाऱ्यात सापडली, ती उणे २६९ अंशांच्या आसपास. आणि नेहमीच्या दाबाखाली आजवर निर्विवादपणे मान्य झालेला उच्चांक अजूनही उणे १४० अंशांच्या जवळपासच आहे. तेव्हा हा दावा खरा ठरता तर विजेच्या तारांपासून एमआरआय यंत्रांपर्यंत सगळेच बदलले असते. बातमी मोठी होती यात वाद नाही. पण अर्काइव्हवर निबंध ठेवणे म्हणजे काय, हे एकाही मराठी बातमीत मला वाचायला मिळाले नाही. तिथे निबंध चढवण्यापूर्वी त्यातील निष्कर्ष कोणी तपासून पाहत नाही. ते सूचनाफलकावर कागद टाचण्यासारखे आहे; टाचलेल्या कागदाला निकालपत्र म्हणता येत नाही.

त्या आठवड्यात एक विद्यार्थी मोबाइलवरची चित्रफीत घेऊन माझ्याकडे आला. काळ्या खड्याचा एक तुकडा चुंबकावर अर्धवट उचललेला, एक कोपरा मात्र टेकलेला. ‘सर, तरंगतोय, म्हणजे सुपरकंडक्टरच ना?’ प्रयोगशाळेच्या कपाटात निओडिमियमची चार चौकोनी चुंबके आणि पायरोलिटिक ग्राफाइटची नखाएवढी चकती होती. चुंबके एकाआड एक ध्रुव वर येतील अशी सोंगट्यांच्या पटासारखी मांडली आणि चकती वर सोडली. ती तरंगत राहिली. मग मी टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या समासाची एक बारीक पट्टी फाडून त्याच्या हातात दिली. त्याने ती चकतीच्या खालून या बाजूने घालून त्या बाजूने काढली. ग्राफाइट अतिसंवाहक नाही, तरीही चुंबक त्याला थोडेसे दूर ढकलतो आणि पातळ चकती उचलून धरायला तेवढे पुरते. शिवाय लोहचुंबकीय गुण असलेला तुकडाही चुंबकावर तिरका उभा राहू शकतो. तरंगणे हा एकटा पुरावा कधीच पुरेसा नसतो, हे त्या मुलाला दोन मिनिटांत कळले. पुढे त्याने विचारलेला प्रश्न मला आजही आठवतो. ‘मग हे पेपरात का नाही लिहिलं?’

खरे तर त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मूळ दाव्यापेक्षाही रंजक होते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील गट हा पदार्थ तयार करून पाहणाऱ्या जगातील पहिल्या काही गटांपैकी होता, आणि त्यांच्या नमुन्यात अतिसंवाहकता आढळली नाही. आपल्याच देशातील सरकारी प्रयोगशाळेने जगभर गाजणाऱ्या दाव्याची तपासणी काही दिवसांत केली, ही बातमी नव्हे काय? जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने अशुद्धी टाळून याच पदार्थाचे शुद्ध स्फटिक वाढवले. ते विजेचे वाहक तर नव्हतेच, उलट चांगले विद्युतरोधक निघाले. पण कोड्याची किल्ली सापडली ती एका रसायनशास्त्रज्ञाच्या स्मरणशक्तीत. कोरियन निबंधात १०४.८ अंश सेल्सियसला रोध एकाएकी दसपटीने घसरल्याचे दाखवले होते. मुंबईत पदवीचे शिक्षण घेतलेले आणि अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात काम करणारे प्रशांत जैन यांना तो आकडा ओळखीचा वाटला, कारण तांब्याचे सल्फाइड साधारण १०४ अंशांनाच आपली स्फटिकरचना बदलते आणि त्याचा रोध त्या वेळी असाच कोसळतो. एलके-९९ बनवण्याच्या कृतीत तांबे आणि गंधक उरत होते, म्हणजे नमुन्यात हे सल्फाइड तयार होणारच होते. अतिसंवाहकतेची खूण म्हणून जी उडी दाखवली गेली, ती कढईतल्या मळीची होती. माझ्या वहीच्या उजव्या पानावर हे सगळे हाताने लिहिलेले आहे. दक्षिण कोरियात दरम्यान काही कंपन्यांचे शेअर उसळले आणि कोसळले. ज्यांनी अर्धी बातमी वाचून पैसे लावले, त्यांना उरलेली अर्धी महागात पडली.

संगणकाच्या बातम्यांत दोष थोडा निराळा आहे. तिथे दावा खोटा असतो असे नव्हे. बातमीत चुकीचा आकडा वर येतो आणि महत्त्वाचा आकडा गाळला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने ‘विलो’ नावाची १०५ क्यूबिटांची (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे एकक) क्वांटम चिप जाहीर केली. सगळीकडे मथळा एकच होता. महासंगणकाला एकावर पंचवीस शून्ये इतकी वर्षे लागतील असे काम या चिपने पाच मिनिटांच्या आत केले. विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे, तेव्हा हा आकडा वाचून कोणीही थक्क होईल. पण ते काम म्हणजे क्यूबिटांवर वाटेल तशा निवडलेल्या क्रिया करून मिळणाऱ्या उत्तरांचे नमुने काढणे. महासंगणकाला ते जड जावे म्हणूनच ही कसोटी योजलेली आहे, आणि व्यवहारात तिचा आज काही उपयोग नाही. शिवाय असे आकडे टिकत नाहीत. २०१९ मध्ये याच कंपनीने ५३ क्यूबिटांच्या ‘सिकॅमोर’ चिपने २०० सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणकाला १० हजार वर्षे लागतील असे म्हटले होते. आयबीएमने लगेच ‘अडीच दिवस पुरतील’ असे उत्तर दिले, आणि पुढे चिनी विज्ञान अकादमीतील संशोधकांनी ५१२ ग्राफिक्स प्रोसेसर वापरून ते सुमारे १५ तासांत करून दाखवले. दहा हजार वर्षांची बातमी माझ्या डाव्या पानावर आहे. पंधरा तासांची मी कुठल्याच मराठी अंकात पाहिली नाही.

आणि गंमत अशी की ‘विलो’च्या निबंधात खरोखर मोठी गोष्ट होती, ती मथळ्याच्या सावलीत झाकली गेली. क्वांटम संगणकाचे दुखणे म्हणजे क्यूबिट सतत चुका करतात. त्यावर उपाय म्हणून अनेक क्यूबिट मिळून एकच माहिती सांभाळतात आणि एकमेकांच्या चुका पकडतात. पण हिशेब तपासायला नेमलेले कारकूनच फार चुका करणारे असतील, तर आणखी कारकून नेमल्याने घोळ वाढतो; ते पुरेसे काटेकोर असतील तरच संख्या वाढवण्यात अर्थ. ही मर्यादारेषा ओलांडता येईल का, हा १९९० च्या दशकापासूनचा प्रश्न होता. ‘विलो’मध्ये तीन बाय तीनची जाळी पाच बाय पाच केली आणि मग सात बाय सात केली, तेव्हा प्रत्येक पायरीला चूक वाढण्याऐवजी निम्म्याहून कमी झाली, नेमका भाजक २.१४. मला विचाराल तर मथळा या २.१४ चा व्हायला हवा होता. तो पंचवीस शून्यांइतका चमकत नाही, हे मान्य. पण एका भरवशाच्या क्यूबिटसाठी १०१ क्यूबिट खर्ची पडतात, एवढे एक वाक्य वाचकाला मिळाले असते, तर ‘आता बँकेचे पासवर्ड फुटणार’ हे घरोघरी फिरलेले संदेश थोडे कमी फिरले असते. आज सर्रास वापरात असलेले २०४८ बिटांचे आरएसए हे सांकेतिक कुलूप फोडायला किती क्यूबिट लागतील, याचा गूगलच्याच संशोधकाने २०१९ मध्ये सहलेखकासह मांडलेला अंदाज दोन कोटी होता. मे २०२५ मध्ये त्याने तो दहा लाखांच्या आत आणला. १०५ आणि दहा लाख हे दोन आकडे शेजारी छापले, तर घाबरायचे किती आणि तयारी करायची किती, हे वाचक स्वतः ठरवू शकतो. तयारी अर्थात सुरू आहे; अमेरिकेच्या प्रमाणीकरण संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही न जुमानणाऱ्या कुलपांची पहिली मानके प्रसिद्ध केली.

फेब्रुवारी २०२५ मधले उदाहरण याहून बोलके आहे. मायक्रोसॉफ्टने ‘मायोराना १’ ही चिप जाहीर करून एका नव्याच प्रकारच्या क्यूबिटचा पाया रचल्याचे सांगितले, आणि त्याच दिवशी ‘नेचर’मध्ये त्यांचा निबंध आला. पण निबंधासोबत ‘नेचर’ने परीक्षणाची जी कागदपत्रे खुली ठेवली होती, त्यांत संपादकांनी स्पष्ट नोंदवले होते की, या उपकरणांत ज्या विशिष्ट अवस्था असल्याचे सांगितले जाते, त्या असल्याचा पुरावा या निबंधातून मिळत नाही. कंपनीचे प्रसिद्धिपत्रक एक सांगते आणि नियतकालिकाची कागदपत्रे दुसरेच सांगतात; दोन्ही एकाच दिवशी, कोणालाही फुकट वाचता येतील अशी. आपल्याकडे मात्र फक्त प्रसिद्धिपत्रकाचे भाषांतर आले. क्वांटम विषयाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम अभियानासाठी ६००३.६५ कोटी रुपये मंजूर केले आहेत आणि त्याच्या चार केंद्रांपैकी एक मुंबईच्या आयआयटीत आहे. हा पैसा आपला आहे. त्याचे काय होते हे समजण्याइतकी भाषा वाचकाला वर्तमानपत्राने द्यायला हवी.

अर्थकारणातील संशोधनाबद्दल लिहिताना मी अधिक जपून लिहितो, कारण तो माझा विषय नव्हे. पण तिथली अर्धी बातमी सर्वांत महाग पडते, कारण तिच्यावरून सरकारे अर्थसंकल्प बेततात. अर्थतज्ज्ञ कारमेन राइनहार्ट आणि हार्वर्डचे केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये मांडले की, सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या प्रगत देशांचा सरासरी विकासदर उणे ०.१ टक्का असतो. हा निबंध अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूच्या ज्या अंकात आला, तो परिषदेतील निबंधांचा अंक होता आणि त्यातील निबंधांची नेहमीसारखी कसून तपासणी होत नसे. पण नव्वद हा आकडा ब्रिटनचे जॉर्ज ऑस्बॉर्न, युरोपीय आयोगाचे ओली रेन आणि अमेरिकी काँग्रेसमधले पॉल रायन अशा धोरणकर्त्यांच्या कामी आला. खर्चकपातीच्या बाजूने बोलताना तो आधार झाला.

पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेत थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याला एका अभ्यासक्रमाचा गृहपाठ म्हणून कोणताही गाजलेला निबंध पुन्हा करून दाखवायचा होता. त्याने हा निवडला, आणि उत्तर काही केल्या जुळेना. अखेर त्याने लेखकांकडेच मूळ एक्सेल फाइल मागितली. ती त्यांनी दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. फाइलमध्ये सरासरीचे सूत्र ३० व्या ओळीपासून ४९ व्या ओळीपर्यंत ओढायचे, ते ४४ व्या ओळीवरच थांबले होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सरासरीतून गळले होते. आमच्या गावच्या पतसंस्थेतला कारकूनही ही चूक ओळखतो; मार्चअखेर बेरीज जुळत नसेल तर तो पहिल्यांदा सूत्र शेवटच्या ओळीपर्यंत गेले आहे का तेच पाहतो. पण मोठा फरक केवळ या चुकीने पडला नव्हता. न्यूझीलंडचे १९५१ हे एकच वाईट वर्ष, उणे ७.६ टक्क्यांचे, ब्रिटनच्या १९ वर्षांच्या सरासरीइतकेच वजनदार धरले होते, आणि काही देशांची काही वर्षे वगळली होती. हे सगळे दुरुस्त करून हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी एप्रिल २०१३ मध्ये दाखवले की, उणे ०.१ ऐवजी दर अधिक २.२ टक्के येतो. मूळ लेखकांनी एक्सेलमधली चूक मान्य केली. बाकीच्या मांडणीवर ते ठाम राहिले.

इथे ‘कर्ज कितीही चालते’ असा उलटा मथळा देण्याचा मोह होतो आणि काहींनी तो दिलाही. तोही अर्धाच. दुरुस्त आकड्यांतही ६० ते ९० टक्के कर्ज असलेल्या देशांचा दर ३.२ आणि त्यावरच्यांचा २.२ आहे, म्हणजे उतार दिसतो, कडा दिसत नाही. शिवाय कर्जामुळे विकास मंदावतो की विकास मंदावल्यामुळे कर्ज वाढते, हा प्रश्न त्या तक्त्याने सुटत नाही. आपल्याकडेही २०१७ मध्ये एन. के. सिंग समितीने केंद्र आणि राज्यांचे मिळून कर्ज जीडीपीच्या ६० टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राचे कर्ज मार्च २०३१ पर्यंत ५० टक्क्यांच्या आसपास, एक टक्का इकडे-तिकडे, आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हे आकडे बरोबर की चूक, यावर मत देण्याचा माझा अधिकार नाही. असा आकडा छापताना तो कोणत्या हिशेबातून आला, एवढे सांगणारी दोन वाक्ये सोबत असावीत, इतकेच माझे म्हणणे आहे.

तिन्ही विषय एकत्र आणणारे एक प्रकरण तर अगदी ताजे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एमआयटीतील अर्थशास्त्राच्या एका संशोधक विद्यार्थ्याचा निबंध अर्काइव्हवर आला. एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेत १०१८ शास्त्रज्ञांना कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन दिले, तेव्हा नव्या पदार्थांचे शोध ४४ टक्क्यांनी आणि पेटंटचे अर्ज ३९ टक्क्यांनी वाढले, असे त्यात होते. नोबेल मिळवलेल्या एका अर्थतज्ज्ञाने कौतुक केले, मोठ्या दैनिकांनी छापले. जानेवारीत पदार्थविज्ञानाची जाण असलेल्या एका संगणकतज्ज्ञाने शंका विचारल्या, आणि मे २०२५ मध्ये एमआयटीने जाहीर केले की, त्या निबंधातील माहिती कुठून आली, ती विश्वसनीय आहे का, याबद्दल संस्थेला अजिबात खात्री नाही, आणि तो अर्काइव्हवरून काढून घ्यावा. सहा महिने ४४ टक्के हा आकडा भाषणांतून आणि अहवालांतून फिरला. आजही तो एखाद्या चर्चासत्रात ऐकू आला, तर मला नवल वाटणार नाही.

याच्या शेजारी दुसरा एक अभ्यास ठेवून पाहावा. जुलै २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची क्षमता तपासणाऱ्या मीटर (METR) या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांना २४६ कामे देऊन पाहिले. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरण्याची मुभा असताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावर त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के वेगाने काम केले असे वाटत होते. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने तो मोठ्या समाधानाने मला पाठवला, ‘मामा, आमच्या नोकऱ्या वाचल्या’ असे लिहून. मी त्याला मूळ निबंध वाचायला सांगितला. त्यात लेखकांनीच बजावले आहे की हे निष्कर्ष सगळ्या प्रोग्रामरांना, सगळ्या कामांना किंवा पुढे येणाऱ्या साधनांना लागू होतील असे समजू नये. सोळा माणसे म्हणजे सोळा माणसे. पण मर्यादा सांगणारा निबंध आणि न सांगणारा निबंध यांतला फरक वर्तमानपत्राच्या मथळ्यात एकसारखाच पुसला जातो.

चांगले काम होत नाही असे मी म्हणत नाही. २९ जून २०२३ रोजी जगातील अनेक गटांनी एकाच वेळी, विश्वात सर्वत्र भरून राहिलेल्या अतिशय संथ गुरुत्वीय लहरींच्या खुणा दिसत असल्याचे जाहीर केले. त्यांत नारायणगावजवळ खोडद येथील आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे होती. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी स्पंदक ताऱ्यांचे, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ लहरींचे ठोके पाठवणाऱ्या ताऱ्यांचे, ठोके मोजायचे, आणि गुरुत्वीय लहरींमुळे ते ठोके वर्षानुवर्षांत किंचित लवकर किंवा उशिरा येतात का ते पाहायचे. युरोपीय आणि भारतीय गटांनी मिळून जे मांडले, त्यात ते ‘शोध’ म्हणत नाहीत, ‘पुरावा’ म्हणतात, कारण असा संकेत निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता त्यांच्या हिशेबाने हजारात एक इतकी उरते, आणि भौतिकशास्त्रात ‘शोध’ म्हणायला ती शक्यता साधारण पस्तीस लाखांत एक इतकी खाली यावी लागते. मी माझ्या शेवटच्या तुकडीला हा फरक शिकवायला एक अख्खा तास दिला. आपल्या अंकात मात्र त्या बातमीचा मथळा ‘शोध लागला’ असाच होता. पुण्याजवळच्या शास्त्रज्ञांनी शब्द तोलून वापरावा आणि पुण्यातच छापल्या जाणाऱ्या मथळ्याने तो बदलावा, हे जरा जास्तच झाले.

वार्ताहरांना वेळ नसतो, विज्ञानाचा वेगळा प्रतिनिधी ठेवणे प्रत्येक दैनिकाला परवडत नाही आणि रात्री अकरा वाजता वृत्तसंस्थेकडून आलेली बातमी कोणी तपासत बसू शकत नाही, हे मला समजते. पण मी मागतो आहे ते त्या रात्रीचे नाही. बातमीत एवढे यावे की निबंध कुठे आला आहे, अर्काइव्हवर की तज्ज्ञांनी तपासणाऱ्या नियतकालिकात, की कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकात; आणि दुसऱ्या कोणी तो प्रयोग किंवा हिशेब करून पाहिला आहे का. ही माहिती मूळ मजकुरात बहुधा असतेच. जागा कमी पडली की कात्री पहिली तिच्यावर चालते. आणि महिन्यातून एकदा, रविवारच्या पुरवणीत का होईना, आधी छापलेल्या अशा बातम्यांचे पुढे काय झाले ते त्याच अक्षरांच्या आकारात छापावे. दावा टिकला असेल तर तसे, पडला असेल तर तसे, अजून लटकलेला असेल तर तसेही. हे काम करायला गावोगावी निवृत्त शिक्षक आहेत, विद्यापीठांत संशोधक विद्यार्थी आहेत, मानधनाशिवायही करतील. मी तर नक्की करीन.

स्पंदक ताऱ्यांच्या त्या कात्रणासमोरचे उजवे पान मी अजून कोरे ठेवले आहे. जगभरचे गट आपापली निरीक्षणे एकत्र करत आहेत, आणि त्यांतून ‘पुरावा’ पुढे सरकून ‘शोध’ होतो की मागे पडतो, ते कळेल. तेव्हा त्या पानावर चिकटवायला कात्रण आपल्या अंकातले मिळावे, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सातारा